नवरंग आला का?

मागच्या वेळी या सदरात आपण घरातल्या जुन्या भांड्यांबद्दल बोललो. कोणाकडे आजीचं घंगाळ अजून वापरात आहे, कोणाचा पाटा-वरवंटा सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत तुळशीशेजारी विसावलाय, असं तुम्ही भरभरून कळवलंत. त्यात सुरतच्या एका ताईंचा प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. त्यांनी लिहिलं होतं, ‘माझ्या वडिलांनी मागे काही ठेवलंच नाही. भांडी नाहीत, दागिने नाहीत, फोटोही जेमतेम चार. त्यांना फक्त फिरायची आवड होती. त्यांचं मी काय जपायचं?’

ताई, नेमकं उत्तर माझ्याकडे असेलच असं नाही. पण माझे बाबाही तसलेच होते. या जानेवारीत ते गेले. त्यांच्याबद्दल सांगते, त्यात तुमच्या कामाचं काही सापडतंय का ते तुम्हीच बघा.

आम्ही जबलपूरचे. आजोबा नोकरीसाठी विदर्भातून तिकडे गेले आणि तिथलेच झाले. बाबा गन कॅरेज फॅक्टरीत टर्नर होते. तोफगाड्यांचा हा कारखाना १९०४ सालचा, आणि आमच्या लहानपणी अर्ध्या शहराचं घड्याळ त्याच्या भोंग्यावर चालायचं. छत्तीस वर्षं बाबा त्या भोंग्याबरोबर आत गेले आणि भोंग्याबरोबर बाहेर आले. लोखंडाचा कीस, तेलाचा वास, कानठळ्या बसवणारा आवाज. मग रविवारी त्यांना आवाज नको असायचा, इतकं साधं कारण होतं त्यांच्या भटकण्यामागे. निसर्गप्रेमी वगैरे शब्द त्यांनी स्वतःबद्दल कधी वापरला नाही. ‘जरा बाहेर जाऊन येतो’ एवढंच म्हणायचे, आणि ते ‘जरा’ म्हणजे भेडाघाट असायचं. वीस-पंचवीस किलोमीटर, सायकलवरून.

सायकलच्या पुढच्या दांडीवर त्यांनी लाकडाची छोटी सीट बसवून घेतली होती. आधी त्यावर मी, मग माझा धाकटा भाऊ. रविवारचा ओव्हरटाइम घेणारे त्यांचे सोबती पाच-सात वर्षांत स्कूटरवर आले. बाबांनी रविवार विकला नाही. आईचं आणि त्यांचं यावरून वाजायचं, आणि आईची बाजू अगदीच चुकीची नव्हती. दोन पोरं, फॅक्टरीचं क्वार्टर, गावाकडे पाठवायचे पैसे. एकदा मी आईला विचारलं, मग तू थांबवलं का नाहीस? ती म्हणाली, ‘सोमवारी मला माणूस परत मिळायचा ना गं. शनिवारी जो यायचा तो निम्मा असायचा.’

बाबा शिकवत नसत. हे मुद्दाम सांगते, कारण अशा माणसांबद्दल लिहिताना आपण त्यांना मास्तर करून टाकतो. ते फक्त थांबायचे. चालता चालता मध्येच थांबले की आम्हीही थांबायचं, आणि त्यांनी का थांबलो ते सांगायच्या आत आपण ओळखायचं. कधी झाडावर पिंगळा असायचा, कधी वाळूत उदमांजराच्या पायाचे ठसे, आणि कधी कधी काहीच नसायचं, त्यांना नुसती तंबाखू मळायची असायची. त्यातही आम्ही दहा मिनिटं श्वास रोखून उभे.

नावं मात्र ते सांगायचे, आणि ती मराठीत. शाळेत आमची हिंदी, बाजारात बुंदेली वळणाची हिंदी, पण रानात मराठी. ज्या झाडाला सगळं शहर अमलतास म्हणायचं ते आमचा बहावा. टेसू म्हणजे पळस, सेमल म्हणजे काटेसावर, साजा म्हणजे ऐन. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी दिसते, हे एकदा कोणी दाखवलं की ते झाड आयुष्यभर विसरत नाही. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण मी पुस्तकात वाचायच्या कितीतरी आधी बाबांनी मला पळसाखाली उभं करून पानं मोजायला लावली होती. मी हट्टाने चार पानांचं डहाळं शोधत बसले. सापडलं नाही. ‘भोपाळला जा, नाही तर कोल्हापूरला,’ ते म्हणाले, ‘तीनच निघतील.’

आता त्यांच्या वहीबद्दल. रोजनिशी म्हणावी तर ती तशी नव्हती. फॅक्टरीच्या हजेरीपटासारखे त्यात रकाने आखलेले, आणि नोंद फक्त त्या-त्या वर्षी पहिल्यांदा दिसलेल्या किंवा ऐकलेल्या गोष्टीची. पळसाचं पहिलं फूल. मोहाचा पहिला सडा. हिवाळ्यात घाटावर आलेला पहिला धोबी पक्षी. पावसाआधी पावशाची पहिली हाक. १९७४ सालापासून, म्हणजे नोकरीला लागल्या वर्षापासून, एकही वर्ष सुटलेलं नाही. मी जन्मले त्या दिवसाची नोंद मी शोधली. आहे. ‘मुलगी. दोघी ठीक. हॉस्पिटलच्या आवारात काटेसावर पूर्ण फुललेली.’ माझ्या नशिबी निम्मी ओळ आली आणि निम्मी सावरीला गेली, पण तक्रार नाही.

त्या वह्यांमधलं एक पान मात्र वेगळं आहे. २२ मे १९९७.

जबलपूरच्या वाचकांना तारीख सांगायची गरज नाही. त्या पहाटे भूकंप झाला. मे महिना, सगळे अंगणात नाही तर गच्चीवर झोपलेले, त्यामुळेही काही जीव वाचले असतील. तरी शहरात माणसं गेली, कितीतरी घरं पडली. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला वरून खालपर्यंत तडा गेला. बाबांनी सिलिंडर बाहेर काढला, शेजारच्या म्हातारीला उचलून मोकळ्यावर आणून बसवलं, मेन स्विच बंद केला. आणि उजाडल्यावर सायकल काढून निघून गेले.

आई संतापली. पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना सांगायची, ‘घराला तडा गेलेला, आणि हे दगड बघायला गेले!’ दगड म्हणजे मदनमहालचा बॅलन्सिंग रॉक. गोंड राजांच्या त्या किल्ल्याच्या वाटेवर एका मोठ्या शिळेवर दुसरी प्रचंड शिळा नुसती टेकलेली आहे. एवढीशी जागा टेकून. बघणाऱ्याला वाटतं, बोट लावलं तर गडगडेल.

मीही त्या वेळी आईच्याच बाजूची होते. खरी गोष्ट मला भावाने मोठेपणी सांगितली. तेव्हा तो आठ वर्षांचा होता. धक्का बसल्यापासून त्याची बोबडी वळलेली, आणि तो एकच विचारत होता, ‘तो दगड पडला का?’ कोणीही बाप म्हणाला असता, ‘नाही रे बाळा, नाही पडला,’ आणि पोराला थोपटलं असतं. बाबांना मात्र न बघता सांगायचं नव्हतं. ते हादरलेल्या शहरातून सायकल मारत गेले, बघितलं, परत आले आणि पोरासमोर उकिडवे बसून म्हणाले, ‘आहे. जागेवर आहे. हलला पण नाही.’ भाऊ म्हणतो, त्यानंतर त्याला झोप लागली. वहीत त्या दिवशीच्या तीनच ओळी आहेत. ‘पहाटे भूकंप. घरचे सर्व ठीक. दगड जागेवर.’

तो दगड अजूनही तिथेच आहे. जबलपूरला गेलात तर बघून या.

एक गोष्ट बाबांच्या हातून राहिली, ती म्हणजे नर्मदेची परिक्रमा. नर्मदामैया उजव्या हाताला ठेवून चालायचं, तिला कुठेही ओलांडायचं नाही. अमरकंटकपासून समुद्रापर्यंत नदी १३१२ किलोमीटर, आणि तितकंच दुसऱ्या काठाने परत. चातुर्मासात मुक्काम करत रीतसर परिक्रमा केली तर तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस लागतात असं मानतात. गोनीदांचं ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ बाबांच्या उशाशी असायचं, त्याची पाठबांधणी त्यांनी दोनदा करून घेतली होती. पण कारखान्याच्या कामगाराला तीन वर्षांची रजा कोण देणार? आणि दिली असती तरी आम्हाला सोडून ते गेले नसते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. हा विषय घरात कोणी काढत नसे.

मग त्यांनी आमच्याच शहरातल्या अमृतलाल वेगड यांची रीत उचलली. वेगड चित्रकार, शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले. १९७७ साली, पन्नाशीला टेकलेले असताना, त्यांनी नर्मदाकाठाने चालायला सुरुवात केली. एका दमात परिक्रमा पुरी करायचा आग्रह न धरता, सुटी मिळेल तसे तुकडे जोडत गेले, आणि त्यातून ‘सौंदर्य की नदी नर्मदा’सारखी पुस्तकं झाली. बाबांनी पुस्तक लिहिलं नाही. त्यांनी एक नकाशा घेतला, आणि दिवाळीच्या, होळीच्या सुटीत जेवढं चालून होईल तेवढी काठावर लाल पेन्सिलची रेघ ओढत गेले. बरगी धरणाने जुनी पायवाट जिथे पाण्याखाली घेतली तिथे त्यांनी रेघ न ओढता नुसते ठिपके काढलेत. नकाशा माझ्याकडे आहे. त्यात रेघेपेक्षा मोकळी जागाच जास्त आहे.

लग्न होऊन मी बंगळुरूला आले. नवरा कन्नड, शेजार तमिळ आणि तेलुगू, मुलाची शाळा इंग्रजी. आमच्यासारखी घरं तुमच्यात पुष्कळ असतील, तेव्हा सांगायला नको की अशा घरात मराठीचं काय होतं. मुलगा बोलायला लागला तो तिन्ही भाषांत, आणि मराठी चौथी, तीही मला खूश करायचं असेल तेव्हा. फोनवर आजी-आजोबांशी ‘कसे आहात’, ‘जेवलात का’ झालं की पोराचा शब्दसाठा संपायचा. आई हिरमुसायची. बाबा म्हणायचे, ‘सुटीत पाठवून दे. बघू.’

पाच वर्षांचा असताना तो डायनासोरांनी झपाटलेला होता. पोरांना होतो तो ताप, तुम्ही पाहिला असेल. जबलपूरला उतरल्या उतरल्या आजोबांना एकामागून एक नावं ऐकवू लागला. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘आमच्या फॅक्टरीजवळच निघालेत की.’ पोराला ती थाप वाटली. मलाही क्षणभर वाटली, खरं सांगते. पण ती थाप नव्हती. ठगांच्या बंदोबस्तासाठी इतिहासात नाव असलेला इंग्रज अधिकारी स्लीमन, त्याला १८२८ साली जबलपूरच्या बडा सिमला टेकडीत जी हाडं सापडली, ती भारतातली डायनासोरची पहिली हाडं. तेव्हा तर ‘डायनासोर’ हा शब्दही जन्माला आला नव्हता, तो आला १८४२ साली. ज्या खडकाच्या थरात ती हाडं मिळाली त्याला भूशास्त्रात नाव आहे लमेटा, आपल्या नर्मदेवरच्या लमेटाघाटावरून. आणि ही टेकडी बाबांच्या कामावर जायच्या वाटेजवळ! छत्तीस वर्षं.

दुसऱ्या दिवशी दोघं टेकडीकडे गेले, तिसऱ्या दिवशी लमेटाघाटावर. आठवड्याने पोरगा मला म्हणाला, ‘आई, टिटवी ओरडून राहिली आहे.’ व्याकरण पक्कं जबलपुरी, पुण्याच्या माणसाने कानावर हात ठेवले असते. मी काहीही दुरुस्त केलं नाही.

तेव्हापासून त्याची मराठी अशीच वाढली, रानातून. अजूनही त्याला ‘किल्ली’ आणि ‘कुलूप’ यांत गोंधळ होतो, ‘परवा’ म्हणजे मागचा की पुढचा ते कळत नाही. पण खंड्या, भारद्वाज, दयाळ, कोतवाल, सुगरण ही नावं तो झोपेतही सांगेल. इंग्रजीत ज्यांना ‘सेव्हन सिस्टर्स’ म्हणतात तेच आपले सातभाई, हे कळल्यावर बहिणींचे भाऊ कसे झाले यावर आजोबा-नातवाची तासभर चर्चा चालली. बाबा एकदा बंगळुरूला आले होते तेव्हा दोघं लालबागेत गेले. तिथल्या टेकडीचा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे, तशी पाटीच लावलेली आहे. बाबांनी त्याच्यावर हात ठेवला, आणि नातवाला म्हणाले, ‘याच्यापुढे तुझे डायनासोर परवाचे.’ पुढचे की मागचे, हा प्रश्न आलाच.

आता नवरंगाकडे येते.

नवरंग पाहिलाय का तुम्ही? मैनेपेक्षा लहान, आखूड शेपटीचा. हिरवी पाठ, निळ्या झळाळीचे पंख, पोटाखाली शेंदरी लाल, डोळ्यावरून काळी पट्टी. एवढे रंग असूनही सहसा दिसत नाही, कारण झुडपांच्या सावलीत जमिनीवर पालापाचोळा उलथत फिरतो. तो ऐकू येतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची खणखणीत शीळ. आमच्या मध्य भारतात तो पावसाच्या तोंडावर येतो, घरटं करतो, पिल्लं वाढवतो, आणि पावसाळा सरला की दक्षिणेकडे जातो. हिवाळा तिकडेच काढतो, काही तर थेट श्रीलंकेपर्यंत जातात. म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटी आजोबांच्या घरामागे, आणि थंडीत नातवाच्या मुलखात. हे गणित बाबांच्या लक्षात आलं त्या दिवशी त्यांनी फोन करून मला दुपारी ऑफिसातून बाहेर बोलावलं. मला वाटलं काही झालं की काय.

त्या वर्षापासून दरसाल ठरलेले दोन फोन. जूनमध्ये बाबांचा, ‘आला बरं का.’ मग सप्टेंबर सरता सरता, ‘दोन दिवस आवाज नाही. निघाला वाटतं. लक्ष ठेव.’ की आमचे चिरंजीव पाठीला दुर्बीण लावून सोसायटीच्या बागेत. तीन वर्षं काही मिळालं नाही. चौथ्या वर्षी ऑक्टोबरात तळमजल्यावरच्या काकूंच्या कुंड्यांमागे एक दमलेला नवरंग बसलेला सापडला. दक्षिणेकडे येताना शहरात असे थकून उतरलेले नवरंग कधीमधी मिळतात. पोराने कोणालाही हात लावू दिला नाही, मांजरावर पहारा ठेवला, आणि संध्याकाळी तो आपला आपण उडून गेला. फोनवर आजोबांना सांगताना पोरगा सलग अकरा मिनिटं मराठीत बोलला. मी मोजली.

शेवटच्या दोन वर्षांत बाबांची नजर गेली. पडद्याचा आजार, त्यावर फारसा इलाज नव्हता. कडेचं दिसायचं, मधलं नाही. त्यात ग्वारीघाटाच्या पायऱ्यांवर पडले, मनगट मोडलं. मग घरात बैठक बसली. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी वय झालेलं, पण घरात न टिकणारं माणूस आहे त्यांना ही बैठक ओळखीची असेल. भाऊ म्हणत होता, आता बाहेर जाणं बंद. तो जवळ राहतो, रात्री-अपरात्री धावायचं त्यालाच, त्यामुळे त्याला असं बोलायचा हक्क होता. मी लांबून काय बोलणार! बाबा भिंतीकडे बघत बसलेले, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय.

आई आतून पोळ्या लाटता लाटता म्हणाली, ‘घरात कोंडाल तर संक्रांत बघायचे नाहीत. आणि पडायचंच असेल तर माणूस मोरीतपण पडतो.’

विषय संपला. पण कोणीतरी बरोबर हवं होतं. जो सगळ्यात जास्त विरोध करत होता तोच, माझा भाऊ, पुढचे पावणेदोन वर्षं दर रविवारी पहाटे पाचला उठून त्यांना घेऊन जात होता. आधी ग्वारीघाट, मग नुसता खंदारी तलाव, मग कॉलनीच्या कोपऱ्यावरचं काटेसावरीचं झाड. अंतर कमी कमी होत गेलं. शेवटी मागच्या अंगणातली खुर्ची. वहीतल्या नोंदी आता भाऊ लिहायचा, बाबा सांगतील तशा. अक्षर बदललेलं दिसतं, रकाने तेच.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी, झोपेतच गेले. आईचं म्हणणं असं खरं झालं नि खोटंही झालं. तिने त्यानंतर त्या वाक्याचा उल्लेख केलेला नाही.

अस्थी ग्वारीघाटावर सोडल्या. कडाक्याची थंडी, नदीवर धुकं, गुरुजी मंत्र म्हणतायत, भावाचे हात थरथरतायत. आणि एकदम माझा मुलगा मोठ्याने म्हणाला, ‘धोबी!’ गुरुजी दचकून थांबले, मागे वळून कोण परीट आलाय ते बघू लागले. पाण्याजवळच्या पायरीवर एक धोबी पक्षी शेपटी वरखाली हलवत टुकुटुकू चालत होता. पांढरा-करडा, इवलासा. दर हिवाळ्यात येणारा. आई हसली. त्या तीन दिवसांत पहिल्यांदा. मग रडली, पण आधी हसली.

तर ताई, तुमचा प्रश्न. वही आणि नकाशा सोडला तर आमच्याकडेही वस्तू म्हणून फारसं काही नाही. सायकल बाबांनी स्वतःच पेपरवाल्या पोराला देऊन टाकली होती. पण तुमचे वडील ज्या वाटेने फिरायचे ती वाट अजून असेल. त्यांच्याबरोबर फिरणारं कोणीतरी असेल, नसलं तर वाटेवरचा चहावाला असेल. त्यांना विचारा, ते कुठे थांबायचे. मला वाटतं, माणूस कुठे थांबायचा हे कळलं की बरंच कळतं.

आणि ज्यांचे वडील, आजोबा, सासरे अजून आहेत त्यांना एक सांगते. ‘आठवणी सांगा ना’ असं म्हणून समोर फोन धरू नका. असं केलं की ही माणसं एकदम भाषणाच्या सुरात बोलतात, नाही तर गप्प होतात. त्यांना बाहेर न्या, चालवत नसेल तर खुर्ची झाडाखाली न्या, आणि एखाद्या गोष्टीचं नाव विचारा. हे झाड कोणतं? हा वारा कुठला? तुमच्या गावाकडे याला काय म्हणायचे? फोनचं रेकॉर्डिंग खिशात चालू असू द्या, त्यांना सांगून. माझ्याकडे बाबांच्या आवाजातली अशी सतरा मिनिटं आहेत. त्यातली चार ते शीळ वाजवून दाखवतायत, आणि दोन मिनिटं मागून आई ‘चहा निवतोय’ म्हणून ओरडतेय.

ही आमची आई. बाबांच्या छंदापासून चार हात लांब राहिलेली. चिखलाचे बूट दारातच काढा, एवढाच तिचा निसर्गाशी संबंध, असं ती स्वतःच म्हणायची. या जूनमध्ये पहिला पाऊस झाल्याची बातमी कळल्यावर मुलाने तिला फोन लावला. नेहमी फोन यायचा तिकडून, या वेळी इकडून गेला. ‘आजी, नवरंग आला का?’

‘मला काय कळतंय त्यातलं, बाळा. मला एक कावळा ठाऊक, एक चिमणी.’

त्याने फोनवर शीळ वाजवून दाखवली. दोन सूर, आजोबांनी शिकवलेले. म्हणाला, ‘अशी वाजते. पहाटे. मागच्या अंगणात उभी राहा.’ तिने गुडघ्यांचं कारण सांगितलं, डासांचं सांगितलं, आणि विषय सीताफळाच्या रोपावर नेला. मीही नंतर विसरून गेले.

पाचव्या दिवशी पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी माझा फोन वाजला. आईचं नाव. जानेवारीपासून अशा वेळी फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. मी घाबरतच म्हटलं, ‘काय झालं? बरी आहेस ना?’

‘हळू बोल,’ आई कुजबुजली. ‘त्याला उठव. दोनदा वाजलं. परत वाजेल असं वाटतंय.’

मी मुलाला हलवून उठवलं, फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून पागोळ्यांचा आवाज येत होता, लांबून कोणाच्या तरी सायकलची घंटी, आणि आईचा श्वास. बराच वेळ तेवढंच. आम्ही दोघं पांघरुणात बसून फोनकडे बघत होतो.

मग आई म्हणाली, ‘आणि त्याला विचार, वहीत हे कुठल्या रकान्यात लिहायचं असतं.’